अनवाणी आयर्लंड

माझी मुलगी नर्स आहे. आयर्लंडमधल्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली, तेव्हा माझा एकच प्रश्न होता, "तिथे एवढं आहे तरी काय?" जेद्दाहमध्ये जन्मलेली, इथेच नोकरीला लागलेली पोर, तिला आणखी लांब जायची काय गरज, हे मला अजूनही कळलेलं नाही. माझी समजूत काढायला तिने अझीझियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर आयर्लंडचे फोटो लावले. आणि लावले ते नेमके शंभरेक वर्षांपूर्वीचे. म्हणे, "देखो पप्पा, कितना ब्यूटिफुल है."

मी हादरलोच. गवताने शाकारलेली बुटकी घरं. दगडावर दगड रचलेले गडगे, आमच्या रत्नागिरीकडे असतात तसेच, ना चुना ना सिमेंट. दलदलीतली माती वाळवून तिचंच जळण करायचे म्हणे, आणि ते पाठीवरच्या टोपल्यांतून बायका वाहून नेत होत्या. अनवाणी! इतकी वर्षं सौदीत काढली, पण साइटवर गोऱ्या माणसाचे उघडे पाय मी कधी पाहिले नव्हते. इथे गोरा म्हणजे बूट वाजवत येणार, आमच्याच कामाचा भरमसाट पगार घेणार आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवणार. त्याची आजी अशी ओझी वाहत होती असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बायको हात पुसत स्वयंपाकघरातून आली ती उभीच राहिली. "अगो बाय, ही तर आपलीच वाडी! हिला तिथे पाठवायची?"

"मम्मी, ये पुराने फोटो हैं!" मुलगी हसायला लागली. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात पुढचा फोटो आला.

एका घराच्या अंगणात माणसं जमलेली. मधे पेटीवर बसलेली आमच्या मुलीच्या वयाची पोर. भोवती बायका रडताहेत आणि कडेला तिचा बाप टोपी हातात घेऊन उभा.

"कोण वारलं?" मी विचारलं.

मुलीने फोटोखालचा मजकूर वाचून सांगितलं. वारलं कुणीच नव्हतं. ती पोर अमेरिकेला निघाली होती. गेलेलं माणूस पुन्हा दिसायचं नाही, म्हणून त्या लोकांत जाणाऱ्याला आदल्या दिवशीच मेल्यासारखं रडून घ्यायची रीत होती.

माझं डोकंच फिरलं. जिवंत माणसाला रडायचं? रिमोट ओढून घेतला आणि टीव्ही बंद केला. "असलं अभद्र माझ्या घरात नको!" आमच्याकडे मढं उचललं की लगेच घर झाडतात. म्हणून माणूस परगावी निघालं, तर ते पोहोचल्याचं कळेपर्यंत केर काढत नाहीत. मी सौदीला निघालो तेव्हा माझा निरोप येईपर्यंत आईने ओटीला केरसुणी लावू दिली नव्हती. आणि हे लोक!

"सुट्टीत येईलच की ती घरी," मी बायकोला ठणकावून सांगितलं.

मुलीचं हसू गेलं. "कैसे आऊंगी, पप्पा? खुरूज लगा के जा रही हूं. मेरा इकामा खलास. व्हिजिट व्हिसा लगेगा."

खुरूज म्हणजे कायमचं देश सोडणं, आणि इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कंपनीतल्या कितीतरी जणांना मी खुरूजवर विमानतळावर सोडून आलोय. पण जिथे रांगली त्या घरात यायला माझ्या मुलीला व्हिसा लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि माझी नोकरी संपली की हे घर तरी कुठलं? आम्हीही किल्ली देऊन निघणार. मग ती येणार कुठे? त्या फोटोतल्या माणसांना हे आधीच कळलं होतं, आणि मी त्यांना अभद्र म्हणालो होतो.

ती गेली तेव्हा विमानतळावर मी रिकामी ट्रॉली धरून उभा राहिलो. घरी आलो तर तिच्या खोलीत चिकटपट्टीचे तुकडे, केसांचं रबर, सगळं जमिनीवर तसंच होतं. बायकोने कशाला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोन आला, "पप्पा, पहुंच गई. बहुत ठंड है." माझा जीव भांड्यात पडला. मी बायकोला हाक मारली, "पोहोचली गो! काढ आता केर."

ती जागची हलली नाही. "पोहोचली," ती म्हणाली, "पण परत कुठे आलीय?"