अकरा वाजताची भेट

वेळ विचारली की काका डावं मनगट डोळ्यांजवळ न्यायचे, ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे आणि मग सांगायचे. त्यांच्या घड्याळात भारतातली वेळ असायची. लंडनमधल्या पिनरला येऊन पंचेचाळीस वर्षं झाली तरी काटे हलवले नव्हते. "हिवाळ्यात साडेपाच वजा, उन्हाळ्यात साडेचार. यात अवघड काय आहे?" असं वर आम्हालाच विचारायचे.

सोपी गोष्ट अवघड करून वापरणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्याकडे हे होते, शेजारच्याच घरात. काकू गेल्यापासून एकटे. वक्तशीर इतके, की सातला जेवायला बोलावलं तर पावणेसातला दारात उभे. "तुमचं चालू द्या," म्हणत माझ्या बायकोची तारांबळ उडवून द्यायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा ग्रीसमध्ये, थेसालोनिकीत राहायचा. त्याने तिथल्या मुलीशी लग्न केलं, काका लग्नाला गेले नाहीत. सहा वर्षं बापलेकात बोलणं नव्हतं. मग एका जूनमध्ये काकांनीच कळवलं, मी येतो. उत्तर आलं, समुद्रकाठच्या जुन्या चौकात या, शनिवारी अकरा वाजता. दुपारी त्याला कामासाठी विमान पकडायचं होतं.

"हॉटेलपर्यंत सोबत कर," काका मला म्हणाले. "चौकात मी एकटा जाईन."

ग्रीस आपल्यापेक्षा दोन तास पुढे, हे मी त्यांना विमानात सांगितलं. त्यांनी मान डोलावली. शनिवारी सकाळी हॉटेलात म्हणाले, "बघ, सहा वाजतासुद्धा गरम नाश्ता. पिनरमध्ये कोण देईल?" आठ वाजले होते. मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलो आणि टोस्टला लोणी लावत बसलो. खरं तर ते अजून लंडनच्या हिशोबाने साडेचारच वजा करत होते.

अडीचला मी बाजार हिंडून चौकात आलो. दोन्हीकडे कमानींच्या इमारती, पुढे सरळ समुद्र. काका एका बाकावर बसले होते.

"आला नाही?"

"येईल. आत्ताशी साडेबारा होतायत. लहानपणापासून त्याचं हे असंच आहे."

मी माझा फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मनगट पाहिलं, ओठ हलले, परत एकदा हलले. मग टोपी काढली आणि पुन्हा घातली.

रोमिंगच्या धास्तीने त्यांनी स्वतःचा फोन बंद ठेवला होता. चालू केल्यावर मुलाचा मेसेज दिसला. इंग्रजीत, दोनच वाक्यं. साडेबारापर्यंत थांबलो. कळलं, बाबा. काका तिथे पोहोचले तेव्हा एकला दहा कमी होते.

"लगेच लिहा त्याला," मी म्हणालो.

"काय लिहू? घड्याळ चुकलं? शाळेतली पोरंसुद्धा असली कारणं देत नाहीत." फोन खिशात गेला. "भेटल्यावर सांगीन. चल, जेवून घेऊ."

आम्ही जेवलो. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मला काही वाटत नव्हतं. परतीच्या विमानातही नाही. वाईट वाटायला हवं एवढं समजत होतं, पण सगळं बधिर झालं होतं.

त्यानंतर आठ महिने काका होते. मुलाचा विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा ते हवेबद्दल बोलायला लागले. मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता आणि मी मागितलाही नाही. फेब्रुवारीत ते झोपेतच गेले.

मुलगा आला. फ्युनरल आटोपल्यावर आमच्या स्वयंपाकघरात चहा घेताना म्हणाला, "बाबाची फोन बंद होती. मला वाटला, he just didn't come. लंडनमधून निघालेच नाही."

मी त्याला घड्याळाचं सांगितलं. सहाच्या नाश्त्याचंही सांगितलं, माझ्या हसण्यासकट. त्याने कप खाली ठेवला.

"Really आले होते?"

"दीड तास बसले होते. मी पाहिलं ना."

"कुठे? तिथे सगळे लोक सी बघत बसतात."

"काका नाही," मी म्हणालो. "समुद्राकडे पाठ करून बसले होते. चौकात शिरणारा एकेक माणूस बघत."