नानांच्या उघड्या गाडीतली ड्रायव्हरची सीट

नाना म्हणजे माझे वडील. जळगावातल्या पिंप्राळ्याची अख्खी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. जन्मभर बस चालवली, शेवटी डावा गुडघा कामातून गेला आणि घरी बसले. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे घरादाराला ताप, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. एके दिवशी त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान माझ्यापुढे धरलं. त्यावर उघडी विलायती मोटार होती. लांब नाक, गोल दिवे, बाजूला अडकवलेली स्टेपनी, बसायला दोन जागा. अशीच गाडी बनवून घ्यायची आणि वरातींना भाड्याने द्यायची, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी आयटीआय करून रिकामा होतो आणि नाशिकच्या एका कारखान्याचं पत्र माझ्या हातात होतं. मे अखेरपर्यंत हजर व्हा. मला जळगावातून सुटायचंच होतं, खोटं कशाला बोलू? नानांच्या नजरेखालून सुटायचं होतं. पत्र दाखवलं तर म्हणाले, "गाडी तयार होऊ दे. मंग ड्रायव्हर ठेवू, तू खुशाल जाय." म्हणजे गाडी लवकर व्हायला हवी आणि ती कुणालाही चालवता यायला हवी. एवढं झालं की मी मोकळा.

भंगारातली एक जीप घेतली आणि धुळ्याला, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका मिस्त्रीकडे टाकली. दर आठवड्याला मी आणि नाना बसने धुळ्याला जायचो. काय बसवायचं, काय नाही, यावर आमची दर खेपेला खडाजंगी. नानांना तारांची चाकं हवी होती. मी म्हटलं, पिंपळनेरसारख्या खड्ड्यांच्या रस्त्याला एका सीझनमध्ये वाकतील, जीपचीच ठेवा आणि वरून चकचकीत झाकणं लावा. त्यांना सात सुरांचा हॉर्न हवा होता. मी म्हटलं, बँडवाले असतात की, तुमचा हॉर्न ऐकतंय कोण? वरात चालते मुंगीच्या पावलांनी, तीही आमच्याकडच्या वैशाखात. इंजिन उकळणारच. म्हणून मी मोठा रेडिएटर घ्यायला लावला, बॅटरीवरचा जादा पंखा लावला, आणि पाय आखडू नये म्हणून हाताने ओढायचा ॲक्सिलरेटर बसवून घेतला. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, डोकं आहे तुम्हाला." मी फुशारलो. आपल्याच पायावर धोंडा मारताना माणूस किती खुशीत असतो!

अर्धी झालेली गाडी दाखवायला आईला नेलं. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "नवरदेव बसला, डायवर बसला. आन् नवरी कोठे बसाडशात? बोनेटवर?"

आम्ही तिघे बाप्ये बोटं दाखवत सीटा मोजायला लागलो. तीन महिने दोन सीटच्या गाडीवर राबत होतो आणि ड्रायव्हरलाही बूड असतं हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं! मिस्त्री तर हसून हसून खाली बसला. नाना मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला, आणि खरं सांगतो, मला ते बघवलं नाही.

मग मीच तोड काढली. पुढे एकटा ड्रायव्हर, खोलगट जागेत. मागे उंचावर जोडप्यासाठी गादीचं आसन, करवलीला एक पायरी. त्या वजनाने बॉडी वाकायला लागली, म्हणून ड्रायव्हरकडचं दार वेल्डिंगने कायमचं बंद केलं. त्याने वरून पाय टाकून उतरायचं. राहिली ड्रायव्हरची सीट. मिस्त्री टेप घेऊन उभा होता. म्हणाला, "पुढेमागे सरकणारी करू का? कोणीही बसेल. पण रुळांमुळे चार बोटं वर येईल, ड्रायव्हरचं डोकं फोटोत नवरा-नवरीच्या मधोमध. फिक्स केली तर खाली जाईल, पण मग एकाच माणसाच्या मापाची."

मला उत्तर पाठ होतं. सरकणारी. नाशिक त्या रुळांवरच होतं.

नाना माझ्याकडे वळले. "तुले समजस," म्हणाले, "तूच सांग." जन्मात त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. शाळा कोणती, शर्ट कोणता, काहीच नाही. आज विचारलं होतं, तेही परक्या माणसासमोर. माझ्या तोंडून त्यांच्या मनातलंच निघून गेलं, "फिक्स करा." नानांचा गुडघा गेलेला, दुसरा ड्रायव्हर अजून ठरलेला नाही, म्हणून मिस्त्रीने तिथेच मला खाली बसवून माझं माप घेतलं.

मे गेला. "पुढल्या साली जाय," नाना म्हणाले. पुढल्या साली कारखान्याने कशाला विचारावं? दोन-तीन ड्रायव्हर येऊन गेले. एकाचे गुडघे स्टिअरिंगला अडायचे, दुसऱ्याला माझा तो हाताचा ॲक्सिलरेटर जमेना, भर बाजारात गाडी बंद. मी पाच सीझन त्या खड्ड्यात काढले. इंजिनाची धग मांडीला, वरून तांदूळ आणि फुलं. रोज रात्री जेवताना नानांचा राग यायचा आणि त्यांना तो कधीच बोलून दाखवला नाही.

मग माझंच लग्न ठरलं, चाळीसगावची मुलगी. मी म्हटलं, निदान या दिवशी गाडी नको. नाना कडाडले, "घरमा गाडी शे, आन् पोऱ्यानी वरात पायी?" शेजारच्या ड्रायव्हरला बसवून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी गाडी दोनदा बंद पडली, बँड थांबला, पाहुणे खोळंबले. कुणीतरी म्हणालं, "अरे, नवरदेवालाच येते ना!" आणि लोकांनी हसत हसत मला फेट्यासकट उचलून आत सोडलं.

नवरी मागे उंचावर एकटी. आमची गाठ मारलेली होती, सोडणं अशुभ, म्हणून माझं उपरणं सीटच्या पाठीवरून वर ताणलेलं. गाडी जरा हलली की मानेला ओढ बसायची. मारुतीच्या देवळापाशी फोटोवाल्याने हात केला. ती लाजत खाली वाकली आणि लग्नानंतरचं पहिलं वाक्य माझ्याशी बोलली, "अहो, जरा वर या ना, तुम्ही दिसत नाही म्हणतोय तो."

मी म्हणालो, "मला उठता येत नाही."