न धुतलेल्या गोळ्यांचं वजन

भोईरमामांनी गोळे न धुता वजनाला ठेवले, असं मी लिहून दिलं होतं. ते खोटं होतं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुर्भ्याला आमची तपासणीची लॅब होती. लोहखनिज दळायच्या गिरणीत पोलादी गोळे टाकतात. ते दगडाचं पीठ करतात आणि स्वतःही झिजतात. कुठले कमी झिजतात, घडीव की ओतीव, हे आम्ही छोट्या गिरणीत फिरवून सांगायचो. आधीचं वजन, नंतरचं वजन. मामा गिरणी चालवत, मी अहवाल लिहायचो.

मामा तुर्भे गावातलेच. एकेक गोळा नळाखाली ब्रशनं घासून पांढऱ्या फडक्यावर पुसत. लाल डाग उठला की परत नळाखाली. "ही माती खानीची हाय, गोल्याची नाय. तिचं वजन आपुन कशाला धरायचं?" कॅन्टीनचा ग्लासही त्याच नजरेनं बघत. "याचं पन वजन करा, साहेब. साखरेपेक्षा माती जास्त भरंल."

त्या शुक्रवारी खाणवाल्यांना अहवाल संध्याकाळी हवा होता. घडीव गोळ्यांचं सगळं आटपलं होतं. ओतीव बाहेर निघाले तेव्हा चार वाजलेले.

"राहू द्या मामा, नुसते वाळवू."

"आदी फडक्याला इचारा."

मी विचारलं नाही. त्यांच्या हातातून ट्रे घेतला, भट्टीत वाळवला, वजनही मीच केलं. चिकटलेल्या मातीनं वजन भरलं आणि ओतीव गोळे कमी झिजल्यासारखे दिसले. खाणवाल्यांनी तेच घेतले. तिकडे ते भराभर झिजले. तक्रार आली.

धुवायचं काम कुणाचं, असं मॅनेजरनं विचारलं. मी नाव लिहून दिलं. मामांना बोलावलं तेव्हा मी समोरच बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माजं काम व्हतं," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका सांगितलं. मी नेहमीच्या वेळेला डबा खाल्ला. तेव्हा काही वाटलं नाही. अजूनही नीट काही वाटत नाही, नुसतं आठवतं.

गेल्या वर्षी मामा वारले. भेटायला गेलो तर त्यांची मुलगी सुनंदा म्हणाली, "बाबांनी जन्मभर इमानानं काम केलं, आनि शेवटी कसा आळस केला, सांगा ना तुमी." मी चहा संपवला आणि उठलो.

ती सानपाड्याला राहते, मी नेरूळला. तिच्या बापानं आळस केला नाही, मी त्यांना गोळे धुऊ दिले नाहीत, हे तिला तोंडावर सांगायचं देणं मी लागतो.