काकांची तिसरी केबल

मोठे काका गाणी ऐकत नसत, दोन गाण्यांमधली फट ऐकत. गाणं संपलं की डोळे मिटून, मान कलती करून बसायचे आणि म्हणायचे, "आला बघ." त्या फटीत बारीक सूं असा आवाज येतो, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला कुणालाच तो येत नसे. पण ज्या माणसाने जन्मभर छापखान्यात मशीन चालवलं आणि नुसत्या खडखडाटावरून कुठला रूळ घासतोय ते सांगितलं, त्याच्याशी आवाजावरून वाद कोण घालणार? "कान असावा लागतो," ते म्हणत. आमच्या घरात तो त्यांना एकट्यांनाच होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीला जाड पडदे लावले, जमिनीवर गालिचा टाकला आणि दोन उंच स्पीकर उभे केले. काकू त्या खोलीला दवाखाना म्हणायची, कारण आत मोठ्याने बोलायचं नाही आणि बोलावल्याशिवाय शिरायचं नाही.

सूंचं खापर फुटलं माझ्या बाबांवर. बाबा इलेक्ट्रिशियन. खालचा मजला काकांचा, वरचा आमचा, आणि दोन्हीकडचं वायरिंग बाबांच्या हातचं. "अर्थिंगमध्येच घोळ घातलाय याने," काका एकदा चारचौघांत म्हणाले. बाबांनी त्या दिवसापासून खाली जाणं सोडलं. दोघा भावांचं बोलणं बंद झालं असं मी म्हणणार नाही, ते माझ्यामार्फत चालू होतं. "तुझ्या बापाला सांग." "तुझ्या काकाला विचार." मी चाळिशीची बाई, शाळेत मुख्याध्यापिका आणि घरी पोस्टमन.

मग काकांना चांगल्या केबलचा ध्यास लागला. ॲम्प्लिफायरबरोबर फुकट आलेली बॅलन्स्ड केबल अगदीच लेचीपेची होती. दुकानात जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. दुकानदार शांत माणूस होता, तीन पिनांचं टोक दाखवून म्हणाला, "बॅलन्स्ड म्हणजे एकच गाणं दोन तारांतून जातं, एका तारेतून उलटं करून. वाटेत विजेची घरघर चिकटते ती दोन्ही तारांना सारखीच. पलीकडे उलटं पुन्हा सुलटं केलं की गाण्यात गाणं मिळतं आणि घरघर आपसांत कटते. केबल जितकी नीट बनवलेली, तितकं हे काम चोख."

"घरातलं वायरिंग भिकार असलं तरी?"

"बऱ्याच अंशी, हो."

काकांनी माझ्याकडे बघितलं. हा निरोप मी वर पोचवला नाही.

दुकानदाराने तीन केबली घरी लावून बघायला दिल्या. पहिली काळी, साधी, नाट्यगृहात माइकला लावतात तशी. काका म्हणाले, "गाणं बरं लागतंय. सूं आहेच." दुसरीला चांदीचा मुलामा होता. तिने गाणं उजळलं आणि सूंसुद्धा. तिसरी बोटभर जाड, विणलेल्या कापडात गुंडाळलेली, आणि इतकी ताठ की कपाट भिंतीपासून पुढे ओढावं लागलं. काकू म्हणाली, "पुढच्या खेपेला नळाचा पाइपच आणा." तिसरीनेही काही झालं नाही. काका मात्र खूश. एवढी केबल हरते म्हणजे वायरिंग किती वाईट असेल, हा त्यांचा हिशेब.

"तुझ्या बापाला सांग," ते म्हणाले, "सगळं उखडून नवीन करायचं. माणूस मी बाहेरून आणतो."

हे मला सांगावंच लागलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तडक जिना उतरले.

"लाव, दादा."

"लावायचं काही नाही. बस आणि ऐक. हा बघ, आला."

बाबांनी मन लावून ऐकलं. "मला येत नाही."

"तुझे कान ड्रिलने गेलेत."

बाबा उठले, बाहेर मीटरपाशी गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. ॲम्प्लिफायरचा दिवा विझला. फ्रिज थरथरून गप्प झाला, पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. स्वयंपाकघरातून काकू ओरडली, "आता कुणाचा प्रताप हा?" बाबा दारात येऊन उभे राहिले. आवाजात राग नव्हता.

"आता घरात वीजच नाही. ऐक."

काकांनी डोळे मिटले, मान कलती केली. ते "गेला" म्हणणार, अशी माझी खात्रीच होती. त्या एका शब्दाने त्यांचा कान वाचला असता आणि बाबांचं सगळं काम मातीत गेलं असतं. भांडायला मी पदर खोचून तयारच होते. काकांनी डोळे उघडले, वाकून ती जाड केबल ॲम्प्लिफायरमधून उपसून काढली, मांडीवर ठेवली आणि पुन्हा ऐकलं.

"येतोय," ते म्हणाले.

काकू हात पुसत आली आणि आमची तोंडं बघून तिथेच थांबली. बाबा काकांशेजारी बसले.

"छापखान्यात कानांत काही घालायचास का रे?"

"घातलं तर मशीन कसं ऐकू येणार?"

मी काकांवरचा सगळा राग विसरले. मेन लावायला कुणी उठलं नाही. मग काकांनी बाबांकडे वळून विचारलं, "म्हणजे आत्ता तुला अगदी शांत आहे?"

हो म्हणायचं सोडून बाबांनी काकांच्या मांडीवरची ती केबल उचलली आणि बाजूला ठेवली.