एका कार्तवेली शब्दाचा खुलासा

‘दिवंगत सभासदाच्या पत्नी जॉर्जियाच्या, म्हणजे मूळच्या आपल्याच गुर्जरांच्या वंशातल्या. पर्शियन लोक त्या देशाला गुर्जिस्तान म्हणत, यातच सारे आले. इकडून गेलेल्या त्या लोकांनी मामा हा आपला शब्दही जपला आहे. रुग्णालयात अखेरच्या दिवशी चिमुकली कन्या मामा, मामा असा आजोळच्या माणसाचा धावा करत होती. वडिलांना मात्र तिने एकदाही हाक मारली नाही. परक्या भूमीत वाढणाऱ्या पिढीची ही शोकांतिका आपण सर्वांनी ओळखावी.’

हा मजकूर ऑकलंडमधल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत चौकट करून छापला आहे. दिवंगत सभासद म्हणजे माझा मुलगा. लेखक म्हणजे मंडळाचे माजी अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, वयाने माझ्याहून थोडे लहान. त्यांच्या परिच्छेदात दोनच विधाने बरोबर आहेत: माझी सून जॉर्जियाची आहे, आणि पर्शियन लोक त्या देशाला गुर्जिस्तान म्हणत. बाकीचे सर्व चूक आहे, आणि माझ्या नातीविषयीचे वाक्य नुसते चूक नाही, ते तिच्यावर आयुष्यभर बसणारा डाग आहे.

माझ्या मुलाविषयी छापलेले असे जगात एवढेच आहे. तो पेनरोजच्या एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त ठेवणारा अभियंता होता. अशा माणसांवर कोणी लिहीत नाही. उद्या नात मोठी होईल, बापाविषयी काही मिळते का ते शोधेल, हा कागद कोणाकडून तरी वाचून घेईल, आणि तिला कळेल की बाप मरत होता तेव्हा तिने त्याला हाक मारली नाही. हे तिला कळू नये, कारण ते खोटे आहे. त्यासाठी हे लिहितो आहे.

प्रथम गुर्जरांचे पाहू. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. माझे आयुष्य पाटबंधारे खात्यात गेले. परंतु सून घरात आल्यावर तिच्या देशाविषयी जे मिळाले ते मी वाचले, कारण जिच्या हातचे जेवतो तिचे मूळ गाव नकाशावर दाखवता येऊ नये, हे मला कमीपणाचे वाटले. ते लोक स्वतःला जॉर्जियन म्हणत नाहीत आणि गुर्जीही म्हणत नाहीत. ते स्वतःला कार्तवेली म्हणतात आणि देशाला साकार्तवेलो. गुर्ज हे शेजाऱ्यांनी ठेवलेले नाव. शेजाऱ्यांच्या शब्दावरून वंश ठरवायचा असेल, तर कोकणातले लोक आम्हाला घाटी म्हणत, म्हणून आमची उत्पत्ती घाटातल्या दगडापासून झाली असेही स्मरणिकेत छापावे. त्यांची भाषा संस्कृतची मुलगी नाही आणि फारसीची भाचीही नाही. आजूबाजूच्या डोंगरांत आणि किनाऱ्यावर बोलल्या जाणाऱ्या स्वान, मेग्रेली आणि लाझ या भाषांखेरीज तिला जगात नातेवाईक नाहीत.

त्यांची जुनी राज्ये दोन. काळ्या समुद्राकडे कोल्खेती, ज्याला ग्रीक कोल्खिस म्हणत. लिखीच्या डोंगररांगेपलीकडे, पूर्वेला, कार्तली. ग्रीक आणि रोमन तिला इबेरिया म्हणत, आणि स्पेनच्या द्वीपकल्पालाही तेच नाव आहे, त्यामुळे अर्धवट वाचलेला माणूस आजही थेट स्पेनमध्ये जाऊन पोहोचतो. कार्तलीची राजधानी म्त्सखेता दोन नद्यांच्या संगमावर वसली. मी काही वर्षे कराडला नोकरीला होतो. संगमावर गाव का वसते आणि त्याची किंमत पुरात कशी द्यावी लागते, हे मला कोणी शिकवायला नको. या राज्यांच्याही आधी नैर्ऋत्येच्या पठारावर काही टोळ्या एकत्र नांदत होत्या, ज्यांना बरेच अभ्यासक कार्तवेलींचे पूर्वज मानतात. त्यांचा लेखी उल्लेख कुठे सापडतो? त्यांना लुटणाऱ्या शेजारच्या राजांनी विजयाच्या बढाया दगडावर कोरल्या, त्यांत. त्यांची स्वतःची लिपी फार पुढे आली. तोवर त्यांच्याविषयी जे लिहिले ते इतरांनीच लिहिले.

सोनेरी लोकरीचेही तेच झाले. त्या डोंगरांतले लोक ओढ्याच्या पात्रात मेंढीचे कातडे अंथरत. पाणी वाळू पुढे नेई, सोन्याचे जड कण लोकरीत अडकत. यात जादू नाही. प्रवाहाचा वेग आणि कणाचे वजन आहे. ग्रीकांनी त्याची कथा अशी केली की त्यांचा वीर लोकर न्यायला आला, तिथली चेटूक जाणणारी राजकन्या त्याच्यावर भाळली, तिने बापाला दगा दिला आणि परदेशात जाऊन स्वतःची मुले मारली. मी हे सुनेला वाचून दाखवले तेव्हा ती भांडी पुसत होती. आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत ती म्हणाली, “बाबा, चोरी त्यांनी केली, आणि चेटकीण आम्ही?” माझ्या सबंध वाचनातून मला जे सांगता आले नव्हते ते तिने एवढ्यात सांगितले.

ती कुताइसीची, रिओनी नदीकाठची, म्हणजे जुन्या कोल्खेतीतली. विद्यापीठात शिकायला इथे आली आणि माझ्या मुलाशी लग्न करून राहिली. एका शनिवारी आम्ही पुकेकोहेला भाजी आणायला गेलो होतो. कांद्याच्या शेताच्या बांधावरून एक फेझंट पळत गेला, तांबडा, लांब शेपटीचा. सुनेने गाडी थांबवायला लावली. रिओनीला ग्रीक लोक फासिस म्हणत आणि त्या नदीवरून या पक्ष्याचे नाव पडले. इंग्रजांनी शिकारीसाठी तो इथवर आणून सोडला. “हा माझ्या नदीचा,” ती काचेला नाक लावून म्हणाली.

“मग याला व्हिसा तुझ्या आधी मिळाला,” माझा मुलगा म्हणाला. मागच्या सीटवरून नातीने विचारले, “मामा, कॅन वी टेक हिम होम?” हा प्रश्न तिने तिच्या बापाला विचारला होता.

कारण कार्तवेली भाषेत मामा म्हणजे बाप. आईला ते देदा म्हणतात, आजोबांना बाबुआ. नात बोलू लागली ती आईच्या भाषेत, आणि आमच्या घरात सगळी नाती एक पायरी खाली सरकली. तिने बापाला मामा केले आणि मला बाबुआ. पाहुण्यांना वाटे की ती मला बाबा म्हणते आणि बापाला मामा. एक बाई मला बाजूला घेऊन फार काळजीने विचारत्या झाल्या होत्या की हे नक्की तिचे वडीलच ना. मी मुलाला म्हणालो की तिला बाबा म्हणायला शिकव, निदान मंडळात तरी हसे होणार नाही.

“असू द्या हो बाबा,” तो म्हणाला. “मला हाक मारते ना ती? मग झालं.”

मी थोडा वाद घातला, तो जिंकला. तो सहसा वाद घालत नसे. मी बोलू लागलो की हातातले काम चालू ठेवायचा आणि मी थांबलो की म्हणायचा, चहा टाकू का. हा गुण त्याने माझ्याकडून घेतलेला नव्हता.

आजार स्वादुपिंडाचा होता आणि कळला तेव्हा फार उशीर झालेला होता. त्याविषयी मी अधिक लिहिणार नाही. शेवटच्या दुपारी खोलीत आम्ही तिघे होतो: सून, नात आणि मी. मुलगा झोपल्यासारखा होता. नात पलंगाशी खुर्चीवर उभी राहून त्याचे बोट धरून हलवत होती आणि म्हणत होती, “मामा, अदेकि. मामा, अदेकि.” अदेकि म्हणजे ऊठ. शाळेच्या दिवसांत सून रोज सकाळी तिला याच शब्दाने उठवत असे, आणि मला तो भिंतीपलीकडून ऐकू येत असे. मुलगी तिच्या बापाला तिला येत होते तसे उठवत होती. तो उठला नाही. तिला खुर्चीवरून खाली घ्यायला हवे, हे मला कळत होते, पण माझे हात उचलले गेले नाहीत. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती.

याच वेळी माजी अध्यक्ष फळे घेऊन दारापर्यंत आले. ते आत आले नाहीत, आणि ते योग्यच होते. त्यांनी मामा ऐकले, अदेकि ऐकले नाही, आणि फळे परिचारिकेकडे देऊन ते गेले. पुढे त्यांनी जे ऐकले त्याचा लेख केला.

स्मरणिका हातात आल्यावर पुढच्या रविवारी मी सभागृहात गेलो. कार्यक्रम संपला होता, लोक खुर्च्या रचत होते. मी माजी अध्यक्षांना म्हणालो की चुकीचा मजकूर छापला आहे, दुरुस्ती छापा.

“साहेब, बसा आधी,” ते म्हणाले. मी सरकारी नोकरीत होतो म्हणून ते मला साहेब म्हणतात, आणि त्यात आदर किती असतो ते मला ठाऊक आहे. “तुम्ही दुःखात आहात. मी तर आपुलकीनंच लिहिलंय. सूनबाई आपल्यातल्याच, असं लिहिलं. त्यात वाईट काय?”

“ती आपल्यातली नाही. ती कार्तवेली आहे. आपली झाली ती लग्न करून, वंशानं नव्हे.”

“अहो, त्यांनी मंडळाला करून आणलेल्या त्या खिंकाली आठवा. मोदकच की! कळ्या तशाच, वरचं टोक तसंच. हे साम्य उगाच येतं का?”

“आत खिमा होता. तुम्ही दोनदा वाढून घेतलात, तेव्हा गणपती आठवला नाही?”

खुर्च्या रचणारे हसले. माजी अध्यक्ष हसले नाहीत. मी त्यांना मामा या शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, बँकेत कर्ज नाकारण्याआधी ऐकत असतील तसे.

“म्हणजे बापाला मामा. आणि तुम्हाला काय म्हणते?”

“बाबुआ.”

“म्हणजे बाबाच की. तुम्ही बाबा आणि मुलगा मामा.” आता तेही हसले. “बरं साहेब, मानलं. तिकडे बापाला मामा म्हणत असतील. पण पोरगी जन्मली इथे. घरात तुम्ही चोवीस तास शुद्ध मराठी. तिला मराठी समजतं, मी स्वतः पाहिलंय. मी ‘लाडू खाणार का’ विचारलं तर ‘येस प्लीज’ म्हणाली. मग त्या दिवशी ती आपल्या मराठीतल्या मामाला हाक मारत नव्हती, हे कशावरून?”

“मी तिथे होतो.”

“तुम्ही आजोबा. तुम्हाला जे ऐकायचं ते ऐकू येणार. मी तिऱ्हाईत. पुरावा असेल तर द्या, छापू.”

“लेखी देईन,” मी म्हणालो आणि बाहेर पडलो. खुर्च्या रचणाऱ्या लोकांसमोर, माझ्या मुलाचे मरण त्यांच्या चहाच्या कपांमध्ये ठेवून, मी आणखी बोलणार नव्हतो. पुढे समितीने कळवले की वाद वाढू नये म्हणून दुरुस्ती छापली जाणार नाही.

त्यानंतर सून नातीला घेऊन कुताइसीला गेली. तिने मला सोबत येण्यास सांगितले, आणि ते मनापासून सांगितले. मी म्हणालो की या वयात तिसऱ्या देशाची थंडी मला सोसणार नाही. विमानतळावर नातीने माझ्या कोटाचे बटण धरून ठेवले आणि सुटल्यावर मागे पाहिले नाही. लहान मुलांना पुढे काय आहे ते पाहायचे असते. आता रविवारी फोनवर ती दिसते. पहिल्या महिन्यांत मी मराठीत विचारी आणि ती इंग्रजीत उत्तर देई. आता मी मराठीत विचारतो आणि ती आईकडे पाहते. आई सांगते, मग ती कार्तवेलीत काही बोलते, आणि आई मला त्याचे अर्धे सांगते. माझ्या शुद्ध मराठीचा, जी माजी अध्यक्षांना एवढा मोठा पुरावा वाटते, तिथे आता एक शब्द उरलेला नाही. हा मजकूर ती स्वतः कधी वाचू शकणार नाही, हे मला ठाऊक आहे. जो कोणी तिला ती चौकट वाचून दाखवेल त्याने हेही वाचून दाखवावे, एवढीच माझी अपेक्षा, आणि ती पुरी होईल असे मला वाटत नाही.

घरात मी एकटा आहे. मुलाची गाडी विकली. हत्यारे गॅरेजमध्ये आहेत. गंज धरू नये म्हणून तो त्यांना तेल लावी, मी लावत नाही. सकाळी भिंतीपलीकडून आवाज येत नाही. पूर्वी मला वाद घालायला माणूस लागे. आता कोणाशी वाद घालून काय मिळवायचे, हे मला सांगता येणार नाही, तरी हा एक वाद मी सोडणार नाही, कारण तो माझा नाही.

तर माजी अध्यक्षांना लेखी उत्तर असे. वंश सोडा, गुर्जिस्तान सोडा, कोल्खेती आणि कार्तली सोडा, मोदक आणि खिंकालीही सोडा. तुमचेच म्हणणे क्षणभर धरून चालू की मुलगी त्या दुपारी मराठीत बोलत होती आणि मराठी अर्थाने मामाला हाक मारत होती. मग तो मामा दाखवा. माझी सून एकुलती एक आहे. तिला सख्खा भाऊ नाही, चुलत नाही, मावसभाऊ नाही, मानलेलाही नाही. त्या मुलीला मामा नाही.