अण्णांच्या पॅसेंजरमधली मोरपिशी साडी

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर वाचते ती हसायलाच. पांढरी साडी, उलटे पाय, अमावस्या... शाळेत सायन्स शिकवण्यात जन्म गेलेली बाई मी. मुलींना नेहमी सांगायचे – एखाद्या गोष्टीचं कारण सापडत नसेल तर कारणच नाही असं म्हणू नका, 'अजून सापडलं नाही' असं म्हणा. आजही माझं मत तेच आहे. फक्त एका गोष्टीच्या बाबतीत हे 'अजून' जरा जास्तच लांबलंय. म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर येवल्याचं. वडिलांचे घरातच पैठणीचे हातमाग होते. आणीबाणी उठली त्या वर्षी लग्न होऊन मी नाशिकरोडला आले. आमचे हे एकलहऱ्याला पॉवर स्टेशनमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर. घर जेलरोडच्या बाजूला, बैठं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून पत्र्याची लांबलचक पडवी. घरात माणसं तीन – हे, मी आणि माझे सासरे, अण्णा. सासूबाई माझ्या लग्नाच्या काही वर्षं आधीच गेल्या होत्या. भिंतीवर त्यांचा एकच फोटो होता, स्टुडिओत खुर्चीवर बसून काढलेला, काळापांढरा.

अण्णा रेल्वेतून रिटायर झालेले केबिनमन. केबिन म्हणजे फलाटाच्या टोकापलीकडे उंचावर असते ना, ती खोली – तिथून लिव्हर ओढून सिग्नल पाडायचे, रूळ बदलायचे. आयुष्यभर हेच केलं, आणि रिटायर झाल्यावर पडवीतही हेच! दोन जुने दरवाजे आडवे टाकून त्यावर अण्णांनी अख्खं स्टेशन उभं केलं होतं. पितळी पट्टीचे रूळ, त्याखाली आगपेटीच्या काड्यांचे स्लीपर, सायकलच्या स्पोकचे सिग्नल. डोंगर भुश्शाचा आणि सरसाचा, त्यातून आरपार बोगदा. आपल्या लाईनवर तोवर विजेची इंजिनं धावायला लागली होती, पण अण्णांच्या पडवीत अजून काळं, कोळशाचं इंजिन – अर्थात आत मोटर, आणि करंट ट्रान्सफॉर्मरमधून.

हे सगळं मापात हं! देवळाली कॅम्पच्या जुन्या बाजारात त्यांना कुणा साहेबाने टाकून दिलेली इंग्रजी मासिकं मिळाली होती, त्यातलं माप – खऱ्यातला एक फूट म्हणजे इथले चार मिलिमीटर. इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण ड्रॉइंग बरोबर समजायचं. प्रवासी डबे तुपाच्या डब्यांच्या पत्र्याचे, वीत-वीतभर लांब. आत बाकडी. खिडक्यांना बारीक तारेचे गज आणि मागून काच म्हणून जुनी एक्स-रे फिल्म – ती धुतली की स्वच्छ पारदर्शक होते – चिकटवलेली. दारं पत्र्यातच कोरलेली, उघडणारी नाहीत. शेवटी छप्पर ठेवून ते चहूबाजूंनी सोल्डर करून, म्हणजे डाख देऊन, बंद करून टाकायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अण्णा घरात फार कमी बोलायचे. मुलाशीसुद्धा "जेवलास का" पलीकडे नाही. नवी सून म्हणून मी सुरुवातीला जरा घाबरूनच असायची. पण पडवीत गेलं की वेगळाच माणूस! दुपारचा चहा घेऊन गेले की म्हणायचे, "उषा, जरा सिग्नल पाड." सिग्नल पडल्याशिवाय गाडी हलायची नाही म्हणजे नाही.

एकदा मी विचारलं, "अण्णा, एवढं मोठं स्टेशन आणि माणूस एकही नाही?"

"माणसं नकोत."

"का हो?"

"माणसं आली की स्केल बिघडतं," म्हणाले, आणि पाठ फिरवून रूळ पुसायला लागले.

मला तो रिकामा फलाट बघवेना. दिवाळीच्या सुट्टीत माहेरून मागावरच्या रेशमाच्या उरल्यासुरल्या धाग्यांची गुंडाळी घेऊन आले. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर मेण, वरून रेशीम. पहिला केला लाल डगल्यातला हमाल. अण्णा जेवायला बसले होते तेव्हा गुपचूप फलाटावर नेऊन ठेवला. संध्याकाळपर्यंत एक शब्द नाही. रात्री मी पान वाढताना अण्णा म्हणाले, "हमाल दीड मिलिमीटर उंच झालाय."

ती परवानगीच होती. मग चहावाला झाला, टोपीवाले दोन शेतकरी झाले, तिकीट कलेक्टर झाला. अण्णा भिंगातून एकेकाला तपासायचे. रविवारी सकाळी कॉलनीतली पोरं गाडी बघायला पडवीत दाटीवाटीने बसायची. आमचे हे म्हणायचे, "अण्णा इतकं बोलताना मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं." फार चांगले दिवस होते ते...

त्या हिवाळ्यात मी एक बाई करायला घेतली. रंग ठरवला नव्हता, गुंडाळीतून हाताला आला तो घेतला – मोरपिशी, आणि काठाला लाल. उजव्या काखेत पांढऱ्या कापसाचं गाठोडं दिलं. डावा हात खाली ठेवायचा होता, पण तार वाकवताना तो वरच गेला. म्हटलं, असू दे, कुणाला तरी निरोप देतेय. त्या वरच्या हाताला सरसाने काळ्या रेक्झिनचा एक तुकडा चिकटून बसला होता. तो टाचणीने काढणारच होते, तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी ती बोटभर सुद्धा नसलेली बाई हातात घेतली, भिंग लावलं... आणि खाली बसले. स्टुलावर नाही, जमिनीवरच.

"हिला कुठं पाहिलंस तू?"

"कुणाला, अण्णा? अशीच केलीय. थांबा, तो काळा तुकडा काढते—"

"नको!" मी त्यांचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला. "चप्पल आहे ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी, चहाचा कप हातात धरून, आपणहून सांगायला लागले. सासूबाई नांदगावला भावाकडे बारशाला निघाल्या होत्या. अण्णांची केबिनमध्ये ड्यूटी. भुसावळ पॅसेंजरला अजून अवकाश होता, म्हणून सासूबाई चालत फलाटाच्या टोकापर्यंत आल्या, केबिन दिसते तिथपर्यंत. वाटेत चपलेचा अंगठा तुटला होता. काखेत दशम्यांचं गाठोडं, आणि तुटकी चप्पल डाव्या हातात उंच धरून त्या हसत हसत त्यांना दाखवत होत्या – बघा, काय झालं!

"माझे दोन्ही हात लिव्हरला होते," अण्णा म्हणाले. "नुसती मान हलवली. तिला ती दिसली नसणार. लांबून एवढीच दिसत होती ती, उषा." त्यांनी टेबलावरच्या त्या बाईकडे बोट दाखवलं. "बरोबर एवढीच. मोरपिशी लुगडं, लाल काठ."

नांदगावला सासूबाईंना ताप भरला आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. बरी होईल म्हणून त्यांच्या भावाने, म्हणजे आमच्या मामांनी, आधी कळवलंच नाही. शेवटी तार आली ती गेल्याचीच. भर उन्हाळा. अण्णा पोचले तोवर सगळं उरकलेलं होतं. दारातूनच परत फिरले, आणि मामांचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. आमच्या लग्नालासुद्धा मामा नव्हते.

मी यांना विचारलं, चपलेचं तुम्हाला ठाऊक होतं? ते म्हणाले, "आजच ऐकतोय." म्हणजे नकळत कानावर पडलेलं असेल, हेही नाही.

अण्णांनी स्वतःच्या हाताने ती बाई फलाटाच्या टोकाला, केबिनच्या समोर, सरसाने पक्की बसवली. योगायोग, मी स्वतःला सांगितलं. रंगाचा योगायोग, हाताचा योगायोग, रेक्झिनचा योगायोग. इतके योगायोग एकत्र येऊ शकतात, अशक्य नाही. गोष्ट इथेच थांबली असती तर मी हे लिहिलंही नसतं.

पुढच्या उन्हाळ्यातला एक रविवार. पडवी पोरांनी भरलेली. गाडी बोगद्यात शिरली आणि लाइट गेली. पोरांनी ओरडा केला. भर सकाळ, लख्ख उजेड, त्यामुळे जागचं कुणी हललं नाही. थोड्या वेळाने लाइट आली, गाडी बोगद्यातून बाहेर पडली, अण्णांनी ती फलाटाला नेहमीसारखी थांबवली आणि पुन्हा सोडली. गाडी पुढे गेल्यावर एक लहान मुलगी म्हणाली, "आजोबा, ती टाटा करणारी बाई कुठं गेली?"

फलाटाच्या टोकाला सरसाचे दोन ठिपके तेवढे होते.

आम्ही सगळीकडे शोधलं. टेबलाखाली झाडून घेतलं, डोंगरामागे पाहिलं, मी तर पोरांचे खिसेसुद्धा उलटे करायला लावले. अण्णा मात्र शांत होते. "त्यांना का छळतेस? जाऊ दे," म्हणाले. पण जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी डब्यांच्या खिडक्या कापसाने पुसत होते. इंजिनापासून तिसरा डबा. गजांमागे काहीतरी चमकलं. उजेडात धरलं. मोरपिशी रेशीम.

"अण्णा!"

त्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "बघ. बसलीय."

खरंच बसली होती. मी ती उभी केली होती, पाय सरळ तारेचे. आता ती खिडकीपाशी बाकड्यावर बसलेली, गाठोडं मांडीवर. हे संध्याकाळी कामावरून आले, त्यांनी टॉर्च मारून डबा उलटासुलटा पाहिला. छपराचं सोल्डर जुनंच, काळं पडलेलं, सलग. फिल्म सगळ्या खिडक्यांना घट्ट. "अण्णा, तुम्ही उघडून पुन्हा—" असं म्हणता म्हणता हेच थांबले. नवं सोल्डर कसं चमकतं, हे त्यांना सांगायला नको होतं.

"छप्पर काढून बघू का?" यांनी विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "उषा, उद्या शाळेत रजा टाकता येईल? नांदगावला जाऊन येऊ म्हणतो."

इतक्या वर्षांत त्यांनी नांदगावचं नाव घेतलं नव्हतं. आम्ही दोघं पॅसेंजरने गेलो. मामांनी दार उघडलं आणि अण्णांना पाहून नुसते कडी धरून उभे राहिले. मामींनीच आत घेतलं, पाणी दिलं. बोलणं सासूबाईंवर आलं तशा मामी रडायला लागल्या.

"दाजी, तुमी दारातूनच गेले, कधी सांगताच नाय आलं," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी लय घोर लावला हो तिनं. एकच बोलत व्हती – मला गाडीत बसवून द्या. बाकी काय नको, फकस्त गाडीत बसवा. ते केबिनमधी असतीन, मी घरी आले का त्यान्ला दिसंन. आमी म्हनलं, बरी हो, मंग बसवू..."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. मग उठून मामांजवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बसली ती. काळजी करू नकोस." मामांना त्याचा काय अर्थ लागला, देव जाणे. पण दोघं म्हातारे गळ्यात पडून रडले. त्यानंतर दर दिवाळीला मामा-मामी आमच्याकडे यायला लागले. माझ्या मुलाच्या बारशाला मामांनी पेढे वाटले.

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं होते. रोज दुपारी गाडी काढायचे. बोलायला लागले, हसायला लागले, नातवाला सिग्नल पाडायला शिकवलं. तिसऱ्या डब्याबद्दल पुन्हा कधी काही बोलले नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे, एका सकाळी, चहा पिऊन पडवीत टेकले ते तसेच गेले.

पडवी पाडून खोल्या वाढवायच्या ठरल्या तेव्हा स्टेशन मोडावं लागलं. रूळ, सिग्नल, हमाल, शेतकरी – कॉलनीतल्या पोरांनी आवडीने नेलं. तिसरा डबा मी ठेवून घेतला. माझ्या परीने विचार करून पाहिला – उंदीर, उष्णता, मेण वितळणं, फिल्मला फट. एकानेही उत्तर पुरं होत नाही. डबा उघडला तर निदान काहीतरी कळेल, हे माझ्यातली सायन्सची बाई त्या वेळीही सांगत होती.

तसं मी यांना म्हटलंही. हे माझ्याहून पक्के, देवळातसुद्धा न जाणारे. त्यांनी सोल्डरिंग आयर्न लावलं, तापू दिलं. डबा हातात घेतला. खिडकीतून आत बघत बसले, खूप वेळ. मग हात लांबवून बटण बंद केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"राहू दे," म्हणाले. "आईला मधेच कशाला उतरवायचं?"