दुसरी चोळी

सुमनताई कोणाच्या आजारपणात भेटायला गेल्या की आधी नातेवाइकांना खोलीबाहेर काढायच्या. "तुमच्यानंच निम्मं दुखणं वाढतंय," म्हणायच्या. छावणी भागात आमच्या शेजारी राहायच्या. कन्नड तालुक्यात तीस वर्षं नर्स होत्या. नोकरी संपली तरी हुकूम सोडणं संपलं नव्हतं.

मला जुळं आहे हे कळलं तेव्हा दुसरा महिना सरत होता. चोरचोळी तिसऱ्या महिन्यात द्यायची, तीही कोणाला कळू न देता. आमच्या सासूबाईंनी तिची वरात काढली. दोन बाळं म्हणून दोन हिरवे खण आणले आणि गल्लीभर दाखवून आल्या. ताईंनी खण चाचपून पाहिले. "वहिनी, चोरीच करायची तर दवंडी कशाला पिटता?"

आठवडाभरातच माझ्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. सोनोग्राफीत एकाचं हृदय चालू होतं, दुसऱ्याचं दिसेना. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. ते पंधरा दिवस घरात चौकशी समिती बसली होती. स्कूटी, पपई, बिडकीनच्या लग्नातली दगदग. कारणं रोज नवी, आरोपी एकच. मी पडून होते. उरलेलं तरी राहू दे, एवढंच मागत होते.

ताई रोज दुपारी यायच्या. रक्त लाल आहे की तपकिरी, पोटात कळ येते का, विचारायच्या. मग सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "पपईनं पोरं पडली असती तर माझी निम्मी नोकरी फळवालीनंच केली असती." एकदाच, अगदी हळू म्हणाल्या, "तू काय नाय केलं पोरी. काही जीव रुजतच नायत."

एक टिकलं. दुसरं गेलं होतं. ते शरीरातच जिरून जाईल, असं डॉक्टर म्हणाले. घरच्यांनी ते बोलण्यातूनही जिरवून टाकलं. जो तो म्हणे, एक तर आहे ना, देवाचे आभार मान. मला संताप यायचा. आभार मानून झाल्यावर रडायचं कधी, हे कोणी सांगत नव्हतं. सासूबाईंनी दुसरा खण अपशकुनी म्हणून बोहारणीला द्यायला काढला.

"आणा इकडं," ताई म्हणाल्या. "माझ्या अंगावर अपशकुन टिकत नाय."

बारशाला त्या त्याच खणाची चोळी शिवून, घालून आल्या. दंडाला घट्ट बसली होती आणि तो रंग त्यांना मुळीच शोभत नव्हता. एका पाहुणीनं पाळण्यात वाकून विचारलं, "पहिलंच ना?" सासूबाई घाईनं हो म्हणाल्या.

"दोन होती," ताई म्हणाल्या आणि घुगऱ्या खात बसल्या.

ताई जाऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या लेकीकडं बघून लोक अजून विचारतात, एकच का? दोन होती, हे आता मलाच सांगावं लागतं.